झडती

लोंढ्यात आमच्या परसात धुण्याची दोरी बांधलीय
तो खांब म्हणजे जुना रूळ आहे, उभा पुरलेला.
मीटर गेजचा. हात लावून बघा,
डोक्याची एकच बाजू झिजलीय,
घाटातल्या वळणांनी खाल्लेली.

रूळ घातले तेव्हा अलीकडं राणी, पलीकडं राजा,
मध्ये डोंगर.
भाषा वेगळी, नाणं वेगळं, शिक्का वेगळा.
जमलं ते एवढंच
की दोन रुळांतलं अंतर दोघांनी सारखं धरलं.
बोगदे खणताना कोण कोण मेलं
त्याची यादी मी कधी पाहिली नाही.

मी की-मॅन होतो, छत्तीस वर्षं.
पण हे माझं नाही, म्हाळू आत्याचं.
कॅसलरॉकच्या नाक्यावर बायकांची झडती घ्यायला
बाईच लागते. साहेबानं लोंढ्यात निरोप धाडला:
विधवा असावी, मराठी-कोकणी-कानडी यावी,
भिडस्त नसावी.
आत्या भिडस्त होती.
पण कणगीचा तळ दिसायला लागला होता.

पहाटेची गाडी. टेबल, कंदील, खाकी पडदा.
पलीकडून आलेली बाई पडद्याआड.
अंबाडा सोडा. चंची उलटी करा. हात वर.
मनगटी घड्याळं निघायची फणसातून,
परकराच्या नेफ्यातून रेशीम,
तान्ह्याच्या दुपट्यातून बाटली,
आणि तान्हं खरं, त्याचं रडणंही खरं.
घाबरलेली बाई आधी पाणी मागते, आत्या सांगायची.
न घाबरलेलीही मागते.
तिथंच तर पंचाईत गा.

असंच एकदा पडद्याआड आली शेवंती.
पाठची बहीण, सांग्याकडं दिलेली.
पाच वर्षांनी.
बाहेर साहेबाचे बूट. आत बोलायचं नाही, नियम.
म्हणून आत्यानं झडती घेतली.
खांदे. काखा. बरगड्या,
एकेक मोजता आली.
पाठीवर हात गेला तिथं वळ, बोटभर रुंद,
त्याच्या खाली जुना एक, त्याच्या खाली अजून.
अंबाड्यात आईची बोरमाळ.
शेवंतीनं ती काढून बहिणीच्या मुठीत दाबली
आणि पाणी मागितलं.

रजिस्टरात सोन्याला रकाना होता, कापडाला होता,
दारूला होता.
आत्यानं लिहिलं: काही आढळले नाही.
खाली अंगठा नव्हे, सही. तेवढं तिला येत होतं.

संध्याकाळच्या गाडीनं शेवंती परत गेली.
पोर पलीकडं होतं.

मग पंचावन्न साली गाडीच बंद.
सहा वर्षं रुळांवर गंज, स्लीपरांत लाजाळू,
बोगद्यात वटवाघळं.
पडदा साहेबाच्या घोड्याला पांघरला म्हणतात.
बोरमाळ तांदळात.

गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा आत्या
माळ अंबाड्यात खोचून, तिकीट काढून बसली.
नाक्यावर टेबल नाही. कुणी अडवलं नाही.
इतकं मोकळं की तिला उठून
आपणच कुणाला तरी सांगावंसं वाटलं.
दूधसागराचे तुषार खिडकीतून आत आले,
लोक ओरडले, तिनं डोळे मिटले.
सावर्ड्याला उतरली.
पुढचं ती कधी बोलली नाही.
चौथ्या दिवशी परतली तेव्हा
अंबाड्यात बोरमाळ होतीच.

ब्रॉड गेज आलं तेव्हा आमच्या गँगनं जुनं सगळं उपटलं.
भंगारातला एक तुकडा मी मागून आणला, पुरला.
सत्तरीची आत्या त्याला टेकून उभी होती.
रुंद केलं म्हणतात, ती म्हणाली. किती रुंद?
मी दोन्ही हात पसरून दाखवले,
एवढं.

तर ती पुढं आली,
आणि काखेपासून मनगटापर्यंत, आधी डावा, मग उजवा,
चाचपत गेली.
सावकाश.
मग माझ्याकडं न बघताच म्हणाली,
जा. काही नाही.